खडीच्या पोटात पाऊस

(ब्रेकरचा आवाज. काँक्रीटला तडा.)

फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंत ५० चौरस मीटर काँक्रीट. त्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं आणि जवळजवळ सगळं गटारात जातं. हे फोडून तिथे पाणी झिरपू देणारी ब्लॉकची फरशी करायची.

ब्रेकर कडेकडून आत सरकतो. मधूनच सुरुवात केली तर तुकड्यांना सरकायला जागाच मिळत नाही. हा राडारोडा फोडून पुन्हा खाली घालायचा मोह होतो. पण त्यातली सिमेंटची भुकटी पाण्याबरोबर उतरते आणि पोकळ्या बुजवते. बाहेर गेलेला बरा.

(उघडी माती. खड्ड्यात पाणी ओतताना.)

खोदाई ४३० मिलिमीटर. पाणी किती वेळात उतरतं, हे घड्याळ लावून बघायचं. चिकणमाती असेल तर तळाशी छिद्रांचा पाइप हवाच. तळावर रोलर फिरवायचा नाही, दाबलेली माती पाणी घेत नाही. घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब राहायचं. कडांना जिओटेक्स्टाईल, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, म्हणजे बाजूची माती खडीत शिरत नाही.

(खडीचा डंपर उलटतो.)

आता खरं काम. तळाला ४० ते ६० मिलिमीटरची खडी, २०० मिलिमीटर जाड, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. त्यावर २० मिलिमीटरची खडी, १०० मिलिमीटर. सगळी धुतलेली. हात घातला तर बोटांना पीठ लागता कामा नये. कच नको, मुरूम नको. एकाच मापाच्या खडीत एक तृतीयांशाहून जास्त जागा रिकामी असते, म्हणून या ३०० मिलिमीटरमध्ये १०० मिलिमीटर पाऊस मावतो. पाणी साठतं ते इथे. वरचे ब्लॉक नुसतं झाकण.

मग बारीक ग्रिट, म्हणजे खडीचे बारीक दाणे, ५० मिलिमीटर, फळीने सपाट ओढलेली. तिच्यावर पाय द्यायचा नाही.

(ब्लॉक बसताना, वरून.)

ब्लॉक ८० मिलिमीटर जाडीचे, हेरिंगबोन, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या नागमोडी मांडणीत; चाक वळलं तरी ते सरकत नाहीत. त्यासाठी कडेला काँक्रीटची पट्टी आधी भरलेली असावी लागते. फटी ६ ते १० मिलिमीटरच्या, आणि त्यांत २ ते ५ मिलिमीटरची ग्रिट. झाडूने लोटायची, प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरून दाबणारं यंत्र, फिरवायचा, पुन्हा लोटायची.

सगळं नीट करून काम बिघडतं ते नेमकं इथे. सवयीने कोणीतरी बारीक वाळू लोटतो. फरशी सुंदर दिसते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तळं होतं.

(पाण्याची नळी. ब्लॉकवर पडलेलं पाणी दिसेनासं होतं.)

गटारावरचा भार कमी होतो, जमिनीत पाणी मुरतं. वर्षातून एकदा फटींतला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. बागेची माती यावर कधीच उतरवायची नाही. कुठे पाणी थांबलंच, तर तेवढ्या फटींतली वरची २५ मिलिमीटर ग्रिट उकरून टाकायची आणि नवी भरायची.