छत्तीस तासांचं सुतक

(नौपाड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एका गोष्टीचा शेवट फोडणार आहे. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा व्हिडिओ गेम ज्यांना पुढेमागे खेळायचा आहे, त्यांनी आत्ताच उठून तलावपाळीवर एक चक्कर मारून यावी. मला वाईट वाटणार नाही. हा गेम स्वतःच्या हातांनी खेळायचा आहे, ऐकून त्यातलं फार थोडं कळतं.

पुढच्या रांगांमध्ये बऱ्याच जणांनी कंट्रोलर, म्हणजे गेम खेळायचा बटणांचा रिमोट, कधी हातात धरलेला नसेल, म्हणून आधीच्या भागाची गोष्ट थोडक्यात सांगते. तो जून २०१३ मध्ये आला. नॉटी डॉग या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचा. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी खरोखर असते. ती मुंग्यांच्या शरीरात शिरते आणि त्यांना आपल्या तालावर चालवते. गोष्टीत ती माणसांत शिरते आणि जग कोसळतं. पहिल्याच रात्री जोएलची मुलगी त्याच्या हातांत जाते. वीस वर्षांनी त्याच्यावर काम येतं ते एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं. तिला चावा बसलाय, पण लागण होत नाही. तिच्यापासून लस करता येईल अशी आशा आहे. वाटेत तो पुन्हा बाप होतो. शेवटी कळतं की लस हवी तर एली मरणार. जोएल हॉस्पिटलात शिरतो, सर्जनला मारतो, तिला उचलून आणतो आणि तिच्याशी खोटं बोलतो. ती एवढंच म्हणते, "ओके." पडदा.

त्याने केलं ते बरोबर की चूक, यावर लोक सात वर्षं भांडले. पण जोएल आपला आहे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आणि १९ जून २०२० ला दुसरा भाग आला. त्याच्या पहिल्या दोनेक तासांतच एक अनोळखी मुलगी गोल्फच्या काठीने जोएलला मारते. एली बघत असते. आपणही बघत असतो, हातातल्या बटणांचा काही उपयोग नसतो.

माझं मी सांगते. माझे मामा त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. तेराव्याला घरात आम्ही चौघंच. मामा भजनाला पेटीवर साथ करायचे, ती पेटी आमच्याकडे आली, कारण त्यांच्या घरी ती बघवेना कुणाला. जुलैच्या सुरुवातीला ठाणे शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट बंद होते. एका मित्राने गेमची डिस्क सोसायटीच्या गेटवर आणून ठेवली. सोफ्याच्या एका टोकाला मी कंट्रोलर घेऊन, दुसऱ्या टोकाला आई विणकाम घेऊन. जोएल गेला तेव्हा आईने सुया खाली ठेवल्या. मी कन्सोल बंद केला आणि तीन दिवस हात लावला नाही.

त्या तीन दिवसांत कुणी मला दहापैकी किती गुण देशील असं विचारलं असतं, तर मी शून्य दिलं असतं. मनापासून दिलं असतं.

जगभर नेमकं हेच झालं. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांची सरासरी शंभरात ९३ होती, आणि खेळाडूंनी दिलेले गुण पहिल्या काही दिवसांत दहापैकी चारच्याही खाली गेले. गेम पूर्ण करायला चोवीस-पंचवीस तास लागतात, आणि शून्याचे ढीग पहिल्या दिवशीच पडू लागले होते. एप्रिल अखेरीस काही प्रसंग आधीच फुटले होते, त्यामुळे कित्येकांनी डिस्क न उघडताच राग धरलेला होता. गेम आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलैमध्ये, मेटाक्रिटिकने नियम केला की गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंना गुण देता येणार नाहीत.

हा नियम वाचला तेव्हा मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, तेरावं होईपर्यंत घरात वाटणीचा विषय काढायचा नाही. तेव्हा जो बोलतो तो माणूस बोलत नसतो, त्याचं दुःख बोलत असतं. सुतकाचे दहा दिवस असतात, त्यात शहाणपण आहे. छत्तीस तास ही त्याचीच छोटी आवृत्ती म्हणा. मला हा नियम मनापासून आवडला.

पण रागावलेल्यांना वेड्यात काढणारेही पुष्कळ निघाले, आणि त्यांचं मला मुळीच पटत नाही. "तुम्हाला गोष्ट कळली नाही" असं म्हणणं म्हणजे रडणाऱ्याला व्याकरण शिकवणं आहे. रागाला कारणं होती. २०१९ च्या ट्रेलरमध्ये सिअ‍ॅटलमधल्या एका प्रसंगात एलीच्या मदतीला जोएल येतो असं दाखवलं होतं. गेममध्ये त्या जागी जेसी नावाचा दुसरा तरुण आहे. जोएल तेव्हा जिवंतच नाही. ज्याने तो ट्रेलर बघून पैसे भरले, त्याला फसवल्यासारखं वाटलं तर त्याचं काय चुकलं? मरण लपवायचं होतं हे मी समजू शकते. जिवंत असल्याचा पुरावा दाखवायला नको होता.

आता गोष्टीच्या मधल्या भागाकडे येते, कारण खरं भांडण तिथे आहे. एली सूडासाठी सिअ‍ॅटलला जाते, तीन दिवस माणसं मारत सुटते. ज्यांना मारते त्यांना नावं आहेत, एकजण पडला की दुसरा त्याला नावाने हाक मारतो. एका ठिकाणी माहिती काढण्यासाठी एली एका बाईला मारते, आणि प्रत्येक फटक्यासाठी आपल्यालाच बटण दाबावं लागतं. न दाबता पुढे जाता येत नाही. मग थिएटरमध्ये जोएलची मारेकरी, ॲबी, समोर उभी राहते आणि पडदा काळा होतो. उजाडतं तेव्हा आपण ॲबी असतो. पुन्हा तेच तीन दिवस, तिच्या बाजूने.

ॲबी कोण? पहिल्या भागात जोएलने मारलेल्या त्या सर्जनची मुलगी.

आम्ही आठ-दहा जण महिन्यातून एका रविवारी घंटाळीजवळ एका घरी जमतो आणि असे गोष्टीवाले गेम खेळतो, त्यावर बोलतो. या जागेवर आमच्या गटाचे दोन तुकडे झाले. घोडबंदर रोडवरून येणारा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, म्हणाला, "ताई, मी ॲबीला मुद्दाम उंचावरून खाली पाडत होतो. दहा-बारा वेळा. माझ्याकडून ती जगावी असं मला वाटतच नव्हतं." कळव्याहून येणारी एक नर्स आहे, तिचं उलट. ती म्हणाली, "वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकाची फाइल मी मधूनच वाचायला घेते. आधी काय झालं ते नंतर कळतं. मला सवय आहे." आणि वर्तकनगरचे एक निवृत्त शिक्षक, गटातले सगळ्यात मोठे, ते शांतपणे म्हणाले, "हा अश्वत्थामा आहे."

त्यांनी जे मांडलं ते मी इथे त्यांच्या परवानगीने मांडते. झोपलेल्या मुलांची हत्या करणारा तो अश्वत्थामा. बापाला कपटाने मारलं म्हणून त्याने सूड घेतला. इतकं घोर कृत्य, तरी सातपुड्यात तो जखमेवर तेल मागत फिरतो असं ऐकलं की आपल्या पोटात तुटतं. का? कारण तो लहानपणी पिठाचं पाणी दूध समजून प्यायला आणि आनंदाने नाचला, हे आपल्याला लहानपणीच कुणीतरी सांगितलेलं असतं. पिठाचं पाणी आधी, हत्या नंतर. गुरुजी म्हणाले, या गेमवाल्यांनी क्रम उलटा केला. हत्या आधी दाखवली आणि पिठाचं पाणी दहा-बारा तासांनी.

मला हे इतकं पटलं की त्यानंतर मी या गेमचा विचार दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करू शकलेले नाही. ॲबीचं पिठाचं पाणी म्हणजे एक झेब्रा. तिचा बाप काटेरी तारेत अडकलेला झेब्रा सोडवतो आणि ती मदत करते. आमच्या घोडबंदरच्या मुलाला तो प्रसंग लबाडीचा वाटला, म्हणजे आता तुम्ही मला हिच्यावर माया करायला लावताय असं. आधी आला असता तर त्याला तो गोड वाटला असता, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

आणि गंमत बघा, जुलै २०२५ मध्ये कंपनीने या गेममध्ये घटना काळाच्या क्रमाने खेळायची सोयच करून दिली. आमच्या गटात नव्याने आलेल्या एका मुलीने पहिल्यांदाच तो क्रम लावून खेळला. तिला ॲबीचा राग आला नाही. तिला जोएलचं मरण "अटळ" वाटलं. तिचं ऐकताना माझ्या मनात आलं, हिने खूप काही समजून घेतलं, पण मी जे तीन दिवस कन्सोलकडे पाठ करून बसले होते ते हिला मिळालेच नाहीत. माझं मत विचाराल तर मूळ क्रमच खरा. घरातलं माणूस जातं तेव्हा त्यामागची सगळी हकिकत हातात येते कुठे? आधी फोन येतो.

म्हणून दोष नाहीत असं नाही. ॲबीचे तीन दिवस लांबले आहेत, मारामारीचा साचा तोच तोच येतो, दोन ठिकाणी मी केवळ हट्टाने पुढे गेले. मात्र ॲबीबरोबर लेव्ह आणि यारा ही शत्रूच्या पंथातली भावंडं येतात, तिथून तो भाग उभा राहतो. उंचीची भीती असलेली ती दणकट मुलगी त्या पोरांसाठी इमारतींमधल्या पुलावरून जाते, तेव्हा माझे तळहात घामाने ओले झाले होते.

या सगळ्यात एक गोष्ट झाली ती मात्र दुःखाच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पात्राच्या पिळदार दंडांवरून घाणेरडं लिहिलं गेलं. याच ठाण्यात गडकरी रंगायतनला खलनायकाला शिव्या घालणारा प्रेक्षक मी पाहिलाय, पण तो बाहेर येऊन त्याच नटाची सही घ्यायला उभा राहायचा. पात्र आणि माणूस यांच्यातली ती रेघ पुसली गेली की मताला मत म्हणायचं कारण उरत नाही.

पुरस्कारांचं थोडक्यात सांगते. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम धरून सात पुरस्कार मिळाले. तिथेच केवळ खेळाडूंच्या मतांचा जो पुरस्कार असतो, तो 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या दुसऱ्या गेमने नेला. पण लोकांच्याच मतांवर चालणाऱ्या गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांमध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हाच ठरला. तेव्हा 'समीक्षकांना आवडला, खेळाडूंना नाही' हे सरळसोट वाक्य चुकीचं आहे. खेळाडूच दोन होते. कित्येकदा एकाच माणसात दोन होते. आणि माझ्या व्यवसायामुळे मला विशेष वाटतं ते हे, की दृष्टी, श्रवण, हातांची हालचाल यांत अडचण असणाऱ्यांसाठी यात साठाहून जास्त सोयी होत्या. अंध खेळाडूंनी हा गेम पूर्ण केला. त्यांचीही मतं त्या सरासरीत आहेत.

शेवटावर येते. एली पुन्हा ॲबीला गाठते, समुद्राच्या पाण्यात बुडवते, आणि डोळ्यांसमोर गिटार घेऊन बसलेला जोएल येतो. ती हात सोडते. या झटापटीत तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली असतात, अनामिका आणि करंगळी. घरी येते तर घर रिकामं. जोएलने शिकवलेली गिटार ती उचलते, वाजवायला बघते. सूर लागत नाही. मी रोज हात बघते. डाव्या हाताची ती दोन बोटं नसताना ते सूर पकडता येत नाहीत, हे मला बघताक्षणी कळलं, आणि मी रडले. एली गिटार खिडकीला टेकवून ठेवते आणि निघून जाते.

मला वाटलं, सुटली. तिचं सुतक फिटलं.

आई म्हणाली, "गिटार तिथे कशाला ठेवली? बरोबर न्यायची ना. वाजवता नाही आली म्हणून काय झालं?"

मी तिला समजावत होते की ठेवणं हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे. ती ऐकून घेत होती आणि कोपऱ्यातल्या मामांच्या पेटीकडे बघत होती. आमच्या घरी पेटी कुणालाच वाजवता येत नाही. दर गुरुवारी आई ती पुसते, भाता दोनदा उघडून मिटते, पुन्हा कापड घालते. गेमचा तो शेवट चुकला असं तिचं मत आजही आहे, आणि त्यावर आमचं अजून पटलेलं नाही.