भिंतीवरची तांबडी अक्षरं

दुपार कलली की पेट्रा या दरीतल्या प्राचीन नगरीच्या पूर्वेकडच्या कड्यावर ऊन पडतं. दक्षिण जॉर्डनमधला हा वालुकाश्म मुळातच तांबूस, आता तर पेटल्यासारखा दिसतो. कड्यात ओळीनं थडगी कोरली आहेत. त्यातलं हे एक. माथ्यावर दगडी कलश आहे, म्हणून कलश-थडगं.

नबाती लोकांनी ते इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोरलं. धूप आणि ऊद वाहून नेणाऱ्या उंटांच्या तांड्यांवर श्रीमंत झालेली ही माणसं. छिन्नी वरून खाली चालवायची, ही त्यांची पद्धत. अल-हबीस टेकडीशी एक अर्धवट राहिलेलं थडगं आहे. वरचा भाग घडवलेला, खाली नुसता खडक. वेरूळचं कैलास पाहिलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल.

आता आत चला. दालन साधारण 17 मीटर बाय 19 मीटर, आणि मधे एकही खांब नाही. मागच्या भिंतीजवळ जरा थांबा. तांबड्या रंगात ग्रीक अक्षरं रंगवली आहेत. सन 446 मध्ये, बिशप जेसन यांच्या काळात, हे थडगं चर्च म्हणून अर्पण झालं, असं ती सांगतात. त्यासाठी मागचे कोनाडे फोडून रुंद केले. खाली वाकून पाहिलं तर जमिनीत भोकं दिसतात. वेदीपुढचा कठडा त्यांत बसवला होता. मेलेल्यांच्या घरात प्रार्थना सुरू झाली, आणि जुनी भिंत तशीच कामाला आली.

पुढे पेट्राच्या गुहांमध्ये बदूल जमातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. अल-हबीसवरच्या एका कोरीव दालनात संग्रहालय झालं, दरीत सापडलेल्या वस्तू तिथे मांडल्या गेल्या. 1985 मध्ये पेट्रा जागतिक वारसा ठरलं. त्याच सुमारास बदूल कुटुंबांना गुहांमधून हलवून जवळच्या उम्म सैहून गावात वसवलं. 2019 मध्ये प्रवेशद्वाराजवळ नवं, प्रशस्त संग्रहालय उघडलं.

पण गुहांमध्ये शिरलात तर एकदा वर पाहा. छतावर काजळी आहे. ती कुणी घासून काढू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. बिशपांच्या अक्षरांइतकीच तीही इथली नोंद आहे. उम्म सैहूनमधून रोज सकाळी दरीत कामाला उतरणाऱ्या कितीतरी जणांसाठी ती आजीच्या चुलीची काजळी आहे.