आधी पी शोधा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत संध्याकाळी सात वाजता ईसीजी तंत्रज्ञांचा वर्ग भरतो. दिवसभर ठिकठिकाणी ईसीजी काढणारी ही मुले-मुली इथे ईसीजी वाचायला शिकतात. प्रत्येक नवा कागद समोर आला की त्यांच्या शिक्षिका आधी एकच प्रश्न विचारतात : पी कुठे आहे?

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील सायनस नोडमधून, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातून, निघालेला विद्युतसंदेश दोन्ही कर्णिकांमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यांमध्ये, पसरतो, तेव्हा कागदावर पी नावाची छोटी, गोलसर लाट उमटते. पुढे एव्ही नोडपाशी तो क्षणभर रेंगाळतो आणि मग जवनिकांमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यांमध्ये, वेगाने शिरतो, तेव्हा क्यूआरएसचे उंच टोक दिसते. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर या गतीने सरकत असल्यामुळे त्यावरचा एक लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा चौकोन 0.20 सेकंदाचा असतो. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत निरोगी प्रौढ हृदयात तीन ते पाच लहान चौकोन जातात, आणि क्यूआरएस स्वतः तीन लहान चौकोनांपेक्षा अरुंद असतो.

मात्र कागद विश्वासार्ह हवा असेल तर सुरुवात खाटेपाशी करावी लागते. लाल क्लॅम्प उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला लावायचा असतो. लाल आणि पिवळ्याची अदलाबदल झाली तर पहिल्या लीडमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीत, पी उलटा पडतो आणि वाचणारा भलत्याच दिशेला जातो. “आजी, हात सैल सोडा, थोडा वेळ बोलू नका,” हे तंत्रज्ञ मुलीचे वाक्य म्हणूनच महत्त्वाचे आहे, कारण स्नायूंच्या थरथरीने आधाररेषा अशी नाचते की नियमित ठोक्यांच्या कागदावरही एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे कर्णिकांच्या अनियमित थरथरीचा, भास व्हावा.

एट्रियल फिब्रिलेशन खरोखर असते तेव्हा पी सापडतच नाही, आणि कोणत्याही दोन क्यूआरएसमधले अंतर दुसऱ्या दोघांशी जुळत नाही. अशा कागदावर दोन ठोक्यांमधले चौकोन मोजून वेग काढणे फसवे ठरते, म्हणून दहा सेकंदांच्या पट्टीवरचे ठोके मोजून त्यांना सहाने गुणतात.

आता हा दुसरा कागद. रेल्वे स्थानकाचा पूल चढताना डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या एका आजींचा हा ईसीजी आहे, आणि यंत्राने त्याच्या कोपऱ्यात ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, म्हणजे नुसताच मंद ठोका, असे छापले आहे. शिक्षिका ते अक्षर अंगठ्याखाली झाकतात. मग त्या एका कोऱ्या चिठ्ठीची कड दुसऱ्या लीडच्या लांब पट्टीवर ठेवतात आणि सलग दिसणाऱ्या दोन पींवर पेन्सिलीने खुणा करतात. दोन खुणांमध्ये चार मोठे चौकोन आहेत, म्हणजे 300 भागिले चार, मिनिटाला 75. चिठ्ठी तेवढ्याच अंतराने सरकत जाते. एक खूण टी लाटेवर, म्हणजे क्यूआरएसनंतर येणाऱ्या लाटेवर, पडते. ती टी शेजारच्या टीपेक्षा टोकदार आहे, कारण तिच्या अंगात पी दडलेला आहे. क्यूआरएस मात्र नऊ मोठ्या चौकोनांनी एकदा येतो, म्हणजे मिनिटाला साधारण 33, आणि तो चार लहान चौकोन रुंद आहे. पीपासून क्यूआरएसपर्यंतचे अंतर एका ठोक्यात दोन मोठे चौकोन, पुढच्यात तीन, त्यापुढे पी क्यूआरएसच्या पोटात गडप, आणि नंतर जेमतेम एक. कर्णिका आपल्या चालीने चालल्या आहेत, जवनिका आपल्या. दोघींचा संबंध तुटला आहे. याला तिसऱ्या श्रेणीचा, म्हणजे संपूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात.

पीपासून क्यूआरएसपर्यंतचे अंतर, म्हणजे पीआर, ठोक्यागणिक वाढत जाऊन एखादा क्यूआरएस गळत असेल, तर तो वेंकेबाख ब्लॉक. पीआर स्थिर असून अचानक ठोका गळत असेल, तर तो मोबिट्झ दोन, आणि तो अधिक धोक्याचा. या दोन्हींमधला फरक चिठ्ठीची कडच दाखवते, यंत्राने छापलेल्या ओळीवर तो सोडू नये.

वर्गातल्या मुलाने त्या कागदाचा फोटो काढून खाडीपलीकडे ऐरोलीतल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला. कागद टेबलावर सपाट होता, त्यावर सावली नव्हती, चौकोन मोजता येत होते. ईसीजी दूरवर पाठवण्याची कल्पना नवी नाही. नेदरलँडमधील लायडनला विलेम आइंटहोवेन यांनी रुग्णालयातल्या रुग्णांचे हृदयसंकेत सुमारे दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेवरून आणले होते, आणि त्याविषयीचा त्यांचा लेख 1906 मध्ये आला. रुग्णाचे हात-पाय तेव्हा मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरेही त्यांचीच, आणि 1924 चे नोबेल पारितोषिकही.

आजींना त्याच रात्री दाखल केले आणि पेसमेकर बसवला.

हा त्यांचा नंतरचा ईसीजी. प्रत्येक क्यूआरएसच्या आधी एक बारीक उभी रेघ आहे, ती पेसमेकरची. थर्मल कागदावरची छपाई काही वर्षांत पुसट होते, म्हणून मुलगी दोन्ही कागदांची झेरॉक्स काढते, त्यावर तारीख आणि वेळ लिहिते आणि आजींच्या फायलीत सर्वांत वर लावते.