वाढणं आणि वाढवणं

(एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, प्राचार्य, प्राध्यापक मित्रांनो आणि मुला-मुलींनो,

फलकावर विषय लिहिलाय, ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्याची जडणघडण : संस्कार, स्वभाव आणि मूल्ये’. तीन शब्द आणि पाऊण तास. म्हणजे एकेका शब्दाला पंधरा मिनिटं. मी रसायनशास्त्राचा मास्तर, मापाने काम करायची सवय आहे, तेव्हा जमवायचा प्रयत्न करतो. मागं उभे आहात ते पुढं या, इथं खुर्च्या रिकाम्या आहेत. पहिल्या रांगेत बसलं म्हणून कुणी प्रश्न विचारणार नाही. बरं, एकच विचारणार आहे, तोही शेवटी.

नोकरीत असताना बरीच वर्षं माझ्याकडे वसतिगृहाच्या प्रवेशाचं काम होतं. जून-जुलैत मुलं यायची, समोर बसायची, आणि आम्ही विचारायचो, ‘स्वतःबद्दल सांग.’ सुरुवातीच्या काळात मुलं गावाचं नाव सांगायची आणि गप्प व्हायची. पुढं पुढं उत्तरं लांबली. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, मला टीममध्ये काम करायला आवडतं.’ एकदा सलग अकरा मुलांनी हेच, याच क्रमानं सांगितलं. बारावा आला तेव्हा शिपाईमामाच दारातून म्हणाले, ‘सर, ह्योबी प्रामाणिक हाय.’ (हशा) हसा, पण त्या मुलांवर हसू नका. त्यांना कुणीतरी तसं शिकवलं होतं. माझी तक्रार शिकवणाऱ्यांवर आहे. अठरा वर्षांच्या मुलाला आपण विशेषणं पाठ करून देतो आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो. त्याच्या आयुष्यात अठरा वर्षं काय काय घडलंय, ते त्याला सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी प्रश्न बदलला. मी विचारायला लागलो, ‘तुला कुणी वाढलं?’ मुलं गोंधळायची. ‘वाढवलं, असं म्हणायचंय का सर?’ मी म्हणायचो, नाही, वाढलंच.

आपल्या मराठीत ही एक फार मोठी सोय आहे. ताटात भाजी घालायची तिला वाढणं म्हणतात. पोर उंचीनं मोठं होतं त्यालाही वाढणंच म्हणतात. आणि वाढवणं शब्द तिथूनच आला. व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही, भाषेचे प्राध्यापक समोर बसलेत. पण बोलताना आपल्या तोंडात हे शब्द शेजारी शेजारी राहतात. संस्कार म्हटलं की आपण श्लोक, शुभंकरोती, वडिलांचा धाक एवढंच धरतो. मला विचाराल तर कुणाकुणाच्या हातचं खाऊन आपण मोठे झालो, ती यादी म्हणजे आपले संस्कार. कॉलेजच्या मुलाची ही यादी फार लांब असते. घर सुटलेलं असतं आणि परकी माणसं वाढायला लागलेली असतात.

आता एक गोष्ट सांगतो. अध्यक्षांनी ती आधी ऐकलीय, त्यांनी सांभाळून घ्यावं.

साल १९७६. मी सातारला कॉलेजात. सातारला येणं-जाणं परवडायचं नाही म्हणून एका वाड्यात खोली घेऊन आम्ही राहायचो, आणि जेवण गावाहून एस.टी.नं यायचं. तुमच्यातल्या किती जणांच्या वडिलांनी एस.टी.चा डबा खाल्लाय? बघा, इतके हात! तेव्हा मी सांगायला नको. पहाटे चारला आई उठणार, चूल पेटणार, भाकरी थापणार, डबा फडक्यात बांधून फाट्यावर यायचा. दहिवडीकडून येणारी पहिली गाडी पुसेगाव करून आमच्या फाट्यावर थांबायची. ड्रायव्हरमामांच्या शेजारी इंजिनच्या बॉनेटवर पंधरा-वीस डबे असायचे. त्या बॉनेटच्या उबेनं भाजी सातारला पोचेपर्यंत कोमट राहायची. स्टँडवर आम्ही पोरं उभी. संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत. पैसे कुणी कुणाला देत नव्हतं. सणाला ड्रायव्हर-कंडक्टरना पुरणाची पोळी जायची, तेवढंच.

माझ्या शेजारच्या खोलीत माण तालुक्यातला एक मुलगा होता. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. बहात्तरचा दुष्काळ माणनं काय सोसला, ते इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. त्या धगीतून त्याचं घर अजून बाहेर आलेलं नव्हतं. हा मुलगा जेवताना खिडकीकडं तोंड करून बसायचा, आमच्याकडं पाठ. आम्ही त्याला घुमा म्हणायचो. स्वभाव घुमा आहे, असं आमचं ठरून गेलं होतं.

दोघांचे डबे सारखेच, ॲल्युमिनियमचे, वर रंगानं लिहिलेली नावं घासून घासून गेलेली. एका दिवशी मला उशीर झाला, प्रॅक्टिकल होतं. मी स्टँडवर गेलो, डबा उचलला, थेट कॉलेज. सुट्टीत उघडला. बाजरीच्या दोन भाकरी, खर्डा, अर्धा कांदा. भाजी नाही, चटणी नाही. आमच्याकडं विहिरीला पाणी होतं, म्हणजे वांगं, गवार, दही, काही ना काही असायचंच. मला आईचा राग आला. भाकरीही कशी, एकीकडं जाड, दुसरीकडं पातळ, मधे करपलेली. आई आज घाईत असेल, असं म्हणून चिडचिड करत सगळं खाल्लं. वरचा चतकोरसुद्धा ठेवला नाही.

तीनच्या सुमारास खोलीवर आलो. माझ्या वळकटीवर माझा डबा. फडकं तसंच बांधलेलं. शेजारचा दारात उभा.

‘तुजा डबा. उघडला हुता, पर हात न्हाई लावला.’

मी फडकं सोडलं. भरल्या वांग्याची भाजी, चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. सकाळपासून हा मुलगा त्या डब्याच्या शेजारी उपाशी बसला होता. मी म्हटलं, ‘अरे, खायचास की! चल, आता तरी बस, दोघं खाऊ.’

तो म्हणाला, ‘माजा तू खाल्लास न्हवं? मग झालं. फकस्त घासून दे, पाचच्या गाडीला लावायचाय. उद्या तिला डबा लागंल.’

मी विचारलं, ‘तिला म्हणजे? आईला?’

‘आई न्हाई. बहीण करती. सातवीत हुती, आता घरीच असती.’

मुलांनो, मी रसायनशास्त्र शिकवलं, परीक्षानळीत रंग बदलताना हजारदा पाहिले. पण माणसाचा रंग उतरणं मी त्या दिवशी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. त्या भाकरीच्या मधोमध बोटांचे ठसे होते. लहान बोटांचे. मी ते पाहिले होते, आणि करपलीय म्हणून वैतागलो होतो. बारा-तेरा वर्षांची पोर पहाटे उठून भाकरी थापत होती, फाट्यावर डबा घेऊन उभी राहत होती, आणि मी तिनं केलेलं नावं ठेवत खाल्लं होतं. तो खिडकीकडं तोंड का करायचा, तेही तेव्हा कळलं. आपल्या डब्यात कुणी डोकावून बहिणीच्या भाकरीला हसू नये म्हणून.

डबा मी घासला. राखेनं घासला, दोनदा. त्यात काही भरून पाठवावं असं मनात होतं. त्यानं पाहिलं आणि नुसती मान हलवली. रिकामाच पाठवला.

(थोडा थांबतो, पाणी घेतो.)

चिठ्ठी आलीय, पंधरा मिनिटं राहिली. आणि आपण अजून पहिल्याच शब्दावर आहोत. पण सातारचा विषय निघाल्यावर कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो तुमच्या कार्यालयात आहे, येताना पाहिला. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ला सातारला आली, २५ फेब्रुवारी १९२७ला महात्मा गांधींच्या हस्ते बोर्डिंगचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. हे सगळं तुम्ही पाठ केलेलं आहे, दर २२ सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, भाषणं होतात. पण त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत होती, आणि त्यांना वाढणाऱ्या लक्ष्मीबाई जैन घरातल्या, सोवळ्यात वाढलेल्या होत्या. त्यांना स्वतःला किती ओलांडावं लागलं असेल! मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना गेला, आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. १९३०ला त्या गेल्या. त्या बोर्डिंगच्या पंक्तीत बसलेल्या मुलांतले पुढं कुणी शिक्षक झाले, कुणी प्राचार्य, कुणी कुलगुरू. आणि मुष्टिफंड आठवा. गावोगावच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य बोर्डिंगच्या नावानं बाजूला काढायच्या. ज्या बाईनं ती मूठ काढली तिला तो मुलगा कधी दिसलाही नसेल. तिनंही त्याला वाढलंच.

माझ्या आधीच्या पिढीत वार लावून जेवणारे, माधुकरी मागणारे विद्यार्थी होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी करवली. या प्रत्येक व्यवस्थेनं वेगळ्या स्वभावाचे विद्यार्थी घडवले, त्यावर खरं तर स्वतंत्र बोलायला हवं. वार लावून जेवलेला माणूस म्हातारपणीसुद्धा पानात काही टाकत नाही, हे मी घरात पाहिलंय. पण आज वेळ नाही.

तर स्वभाव. भराभर सांगतो. स्वभाव जन्माचा असतो, तो बदलत नाही, असं म्हणतात. मला पटत नाही. त्या मुलाला आम्ही घुमा म्हणायचो. ज्या दिवसापासून मी माझा डबा घेऊन त्याच्या खिडकीत जाऊन बसलो, त्या दिवसापासून तो बोलायला लागला. इतका बोलायला लागला की शेवटच्या वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धेत उतरला. मग त्याचा खरा स्वभाव कुठला? सतरा ते एकवीस या वयात स्वभाव ओल्या मातीसारखा असतो, आणि त्यावर सर्वात जास्त हात शेजारच्या खाटेवरच्या मुलाचा फिरतो. आई-वडिलांपेक्षाही जास्त. तेव्हा शेजारच्याला नाव ठेवताना जपा. घुमा, चिकट, गावठी. तुम्ही ठेवलेलं नाव तो खरं करून दाखवतो.

आता मूल्ये. चिठ्ठी दुसरी आली.

मूल्य ओळखायची माझी पद्धत साधी आहे. बाजारात मूल्य म्हणजे किंमत. तेव्हा ज्या गोष्टीसाठी तुम्ही काही मोजलंय, ते तुमचं मूल्य. बाकीचं भाषण. कर्मवीर कोल्हापुरात विद्यार्थी असताना जैन बोर्डिंगात राहायचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करून मगच आत ये म्हटलं, त्यांनी आंघोळ केली नाही. डोक्यावरचं छप्पर गेलं. ते पुढं मॅट्रिकही झाले नाहीत. पण त्या न केलेल्या आंघोळीची किंमत त्यांनी मोजली होती, म्हणून पुढं सातारला एक पंगत बसू शकली. समता हा शब्द निबंधात सगळेच लिहितात.

तुमच्यातले जे ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहेत, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेत पाणी घालतात, त्यांना मी मुद्दाम सांगतो. प्रवेशाला, नोकरीला, लग्नाला, जिथं कुणी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणेल तिथं पहिलं वाक्य तेच सांगा. लपवू नका. मी बागेत काम करून शिकलो. आणि दुसरं वाक्य, मला अमुक-अमुकनं वाढलं.

माझा शेवटचा प्रश्न राहिला. तुमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये पहाटेपासून चपात्या लाटणाऱ्या मावशी आहेत. आत्ता इथं येण्याआधी मी त्यांच्या हातचं जेवलो. त्यांचं नाव कुणाला माहीत आहे? आडनाव नको, नाव. हात वर करा.

चार. साडेतीनशे मुलांत चार. ठीक आहे, चार तर आहेत. त्या चौघांनी बाहेर पडताना बाकीच्यांना सांगा.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. त्या मुलाचं पुढं काय झालं, हे कुणी विचारलं नाहीत, पण तुमच्या तोंडावर दिसतंय. तो बी.एड. झाला, माणमध्येच हायस्कुलात लागला. पहिल्या पगारात आम्हा मित्रांना पार्टी मिळेल म्हणून आम्ही दोघं-तिघं त्याच्या गावी गेलो होतो. त्यानं चहा दिला, कांद्याची भजी दिली, आणि एक पावती दाखवली. बहिणीच्या नावानं दहावीला बाहेरून बसायचा, सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, मध्ये पाच-सहा वर्षं पाटीला हात नव्हता. आम्ही आलो म्हणून आतून पुस्तक तसंच उघडं ठेवून बाहेर आली, आणि आम्हाला वाढायला लागली. तेव्हा भाऊ उठला. तिच्या हातातलं ताट घेतलं आणि म्हणाला, ‘तू बस जा, मी वाढतो.’

पहिल्या वर्षी तिचं गणित राहिलं. ऑक्टोबरला सुटलं.