सफरचंदाचा साइडर, बर्फात खुपसलेला

नमस्कार श्रोतेहो. आज तुमच्याशी एका पेयाविषयी बोलायचं आहे. कृती सोपी आहे, पण आधी नावाचा घोळ सोडवू या, म्हणजे ऐकता ऐकता कुणी दचकायला नको. युरोपात साइडर म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. अमेरिकेत न गाळलेल्या ताज्या रसालाही साइडर म्हणतात. जपानमध्ये मात्र 'साइदा' म्हटलं, की ते गोड, नितळ, सोड्याचं पेय. शाळकरी पोरांच्या हातात सर्रास दिसतं. दारूवाल्या साइडरला तिथे फ्रेंच शब्दावरून 'शीदोरू' म्हणतात. मी सांगणार आहे तो पोरांचा साइडर.

तो मी शिकले हिरोसाकीत. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे, तिथलं हे गाव. १८७५ साली सरकारने या प्रांतात सफरचंदाची तीन रोपं पाठवली. सामुराईंची, म्हणजे जपानच्या योद्धे-सरदारांची, सत्ता नुकतीच गेली होती. किकुची ताते नावाचे एक माजी सामुराई या फळाच्या मागे लागले, त्यांनी इतरांनाही लागवड शिकवली. आज जपानमधली निम्म्याहून जास्त सफरचंदं एकट्या आओमोरीतून येतात. आपल्या बाजारात दिसणारी फुजी ही सफरचंदाची जातही मूळची तिथलीच. तिचं नाव फक्त फुजी पर्वतावरून आलं असं पुष्कळांना वाटतं, पण त्यात जवळच्या फुजिसाकी या गावाचंही नाव आहे. तिथेच १९३९ साली दोन अमेरिकी जातींचा संकर केला गेला, आणि नाव पडायला १९६२ साल उजाडलं.

आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. त्यांची किसणी चिनीमातीची, बशीसारखी, भोकं नसलेली. खरखरीत दातांवर सफरचंद गोल गोल फिरवत त्या गर करायच्या, आणि सगळा रस बशीतच राहायचा. जपानमध्ये आजारी मुलाला हाच गर चमच्याने भरवतात, आपण पेज भरवतो तसा. साइडरसाठी मात्र त्या गर फडक्यात घालून घट्ट पिळायच्या. सोड्याच्या बाटल्या अंगणातल्या बर्फात मानेपर्यंत खुपसलेल्या असत. बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली उतरला, तरी बर्फाच्या पोटात तो शून्याच्या आसपासच राहतो. त्यामुळे बाटली गोठत नाही, पण गारेगार होते.

श्रोतेहो, या पेयातला मुख्य जिन्नस माझ्या मते सफरचंद नाही, गारवा आहे. पाणी जितकं थंड, तितका त्यात वायू जास्त मुरतो. वीस अंशांच्या पाण्यात मुरेल, त्याच्या जवळजवळ दुप्पट वायू शून्य अंशाच्या पाण्यात राहतो. कोमट सोडा पेल्यात ओतलात, तर फस्सकन फेस येऊन सगळा जोर तिथेच संपतो. म्हणून सोडा, रस, पाक, पेले, सगळं आधी थंड करायचं.

आता कृती. चार करकरीत सफरचंदं घ्या. फुजी मिळालं तर उत्तम, आणि त्यात एखादं आंबूस मिसळा. पिठूळ फळ नको, त्याचा रस निघतच नाही. दोन लाल फळांची सालं स्वच्छ धुऊन काढा. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर आणि ती सालं घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. पाकाची तार बघायची नाही, साखर विरघळून सालीचा रंग उतरला की बस. फळ गडद लाल असेल तर सुरेख गुलाबी छटा येते. सालीतला वास या पाकात उतरतो. रस मात्र कच्चाच ठेवायचा. उकळला की त्याला मुरंब्याची चव येते आणि ताजेपणा जातो.

फळं किसण्याआधी पातेल्यात एक चमचा लिंबाचा रस घालून ठेवा, आणि किसलेला गर लगेच त्यात कालवा. नाहीतर पाच मिनिटांत तो तपकिरी पडतो. मग धुतलेल्या मलमलीतून पिळा, आणि एकदा पिळून भागत नाही, दोनदा गाळा. पुढे तासभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा, गाळ खाली बसेल, आणि वरचा रस अलगद काढून घ्या. एवढी खटपट नुसत्या दिसण्यासाठी नाही. गराच्या प्रत्येक कणावर बुडबुडे जमतात आणि वायू निसटतो. रस जितका नितळ, तितका सोडा टिकतो.

घरी सोडा करायचं यंत्र असेल, तर त्यात फक्त पाणीच घाला. मी एकदा रसच भरला होता. झाकण सोडताच अर्धा रस ओट्यावर आला आणि उरलेला मिळमिळीत झाला.

पेला भरताना तळाशी दोन चमचे पाक, त्यावर पाव पेला रस, चिमटीभर मीठ. मग पेला तिरका धरून कडेकडेने सोडा ओता, आणि लांब चमच्याने तळातून एकदाच वर ढवळा. बर्फ घालू नका, चव पाणचट होते. त्याऐवजी सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून काढा आणि फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा. पेल्यात त्या टाका, आणि शेवटी खाऊनही टाका.

एक मात्र जपा. उरलेला रस बाटलीत घट्ट झाकून बाहेर ठेवू नका. सफरचंदाच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं, ते रसात उतरतं. उबेत रस आंबायला लागतो, आत वायू साठतो आणि काचेची बाटली फुटू शकते. फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. पाक मात्र आठवडाभर छान राहतो, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त फळं किसायची आणि सोडा आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेवायचा.