डोळ्यातील रक्तवाहिन्यांची गाठ आणि किरणोपचार

समोरच्या स्क्रीनवर दिसते आहे ते डोळ्याच्या आतील मागच्या भागाचे छायाचित्र. मधोमध पीतबिंदू, म्हणजे सर्वांत स्पष्ट दिसण्याची जागा आहे, आणि त्याच्या शेजारी, सभोवतालच्या केशरी रंगात जवळजवळ मिसळून गेलेला एक लालसर उंचवटा आहे. नजर सरावलेली नसेल, तर तो सहज निसटतो.

दृष्टिपटल, म्हणजे ज्याला आपण बोलताना डोळ्याचा पडदा म्हणतो, आणि डोळ्याचे पांढरे कवच यांच्यामध्ये कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा पातळ थर असतो. त्याच थरात वाढलेली ही गाठ वैद्यकात कोरॉइडल हिमॅन्जिओमा या नावाने ओळखली जाते. ती कर्करोगाची नाही, शरीरात अन्यत्र पसरत नाही, आणि त्रास देत नसेल तर नियमित तपासणीपलीकडे काही करावेही लागत नाही. मात्र मेलॅनोमा हा डोळ्यातील कर्करोग कधीकधी तिच्यासारखाच दिसत असल्यामुळे सोनोग्राफी आवश्यक ठरते. तिच्यात हिमॅन्जिओमा आतून उजळ दिसतो, तर मेलॅनोमा बहुधा काळसर दिसतो.

खरा त्रास पाझराचा असतो. गाठीतून झिरपणारा द्रव दृष्टिपटलाखाली साचतो, पडदा आपल्या जागेवरून उचलला जातो, सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात आणि चष्म्याचा प्लस नंबर वाढतो. अशा वेळी, गाठ लहान आणि मर्यादित असेल, तर आज प्रथम फोटोडायनॅमिक उपचाराचा विचार होतो. त्यात व्हर्टेपॉर्फिन हे औषध शिरेतून देऊन गाठीवर 689 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर साधारण 83 सेकंद रोखला जातो.

किरणोपचाराची वेळ येते ती गाठ मोठी असताना, पडद्याखाली फार द्रव साचलेला असताना किंवा पाझर पुन्हापुन्हा होत असताना. रेडिएशन हा शब्द ऐकताच रुग्णाच्या मनात कर्करोग येतो. ते स्वाभाविक असले तरी मात्रेचे आकडे वेगळेच सांगतात. ही मात्रा ग्रे या एककात मोजतात. बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणांची एकूण मात्रा बहुधा 20 ग्रेच्या आसपास असते आणि ती अनेकदा 2 ग्रेच्या 10 बैठकांत विभागली जाते. याउलट आयोडीन-125 या किरणोत्सर्गी द्रव्याची चकती डोळ्यावर बसवून मेलॅनोमावर उपचार करताना गाठीच्या माथ्यावर सुमारे 85 ग्रे पोहोचवावे लागतात. मेलॅनोमाच्या पेशी मारायच्या असतात, इथे फक्त रक्तवाहिन्यांची गळती थांबवायची असते.

दुसरा मार्ग चकतीचा. नाण्याएवढ्या, वाटीसारख्या बाकदार चकतीत रुथेनियम-106 किंवा आयोडीन-125 असते. शल्यचिकित्सक ती गाठीच्या नेमक्या मागे, पांढऱ्या कवचावर बाहेरून टाक्यांनी बसवतात, आणि ठरलेली मात्रा पोहोचली की काढून घेतात. रुथेनियमचे किरण काही मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे डोळ्याचा बाकीचा भाग बराचसा वाचतो. प्रोटॉन किरणही एका ठरावीक खोलीवर थांबतात. परंतु ती यंत्रणा मोजक्याच केंद्रांत आहे.

धोके आहेतच. भिंगात मोतीबिंदू होऊ शकतो, आणि दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांना किंवा दृष्टिचेतातंतूला महिन्यांनी, कधी वर्षांनीही इजा होऊ शकते. सर्वांत अवघड निर्णय लहान मुलांच्या बाबतीत असतो. स्टर्ज-वेबर सिंड्रोम या जन्मजात विकारात चेहऱ्यावरील जांभळट डागाबरोबर गाठ डोळ्याच्या मोठ्या भागात पसरलेली असू शकते; तेव्हा चकती अपुरी पडते आणि बाहेरून किरण द्यावे लागतात. वाढत्या वयातील हाडे आणि पुढील आयुष्यातील कर्करोगाची शक्यता लक्षात घेता तो निर्णय कोणीही घाईने घेत नाही, पण फार लांबवला तर दृष्टी हातची जाते.

आता स्क्रीनवर ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या तपासणीतील आडवा छेद आहे. दृष्टिपटलाखालची काळी पट्टी म्हणजे साचलेला द्रव. उपचारानंतर ती आठवड्यांच्या, बहुधा महिन्यांच्या हिशेबाने बारीक होते. गाठ पूर्ण नाहीशी होईलच असे नाही. अनेकदा ती चपटी होऊन तशीच राहते. दृष्टी किती परत येईल, हे ही काळी पट्टी पीतबिंदूखाली किती दिवस होती यावर बरेचसे अवलंबून असते.