पातं सोपं, बैठक अवघड

मंडळी, श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत अडकित्ता कसा चालतो हे कुणाला शिकवायला नको. पण अडकित्ता फक्त कातरतो. सुपारी धरायची, फिरवायची, मधोमध आणायची, हे सगळं बोटं करतात. आता मुलं मुंबईला, घरात सत्तरी उलटलेली दोघंच आणि त्यातल्या एकाचा हात थरथरतोय. अशा घरात डॉक्टर ‘अर्धी गोळी’ लिहून देतात, तेव्हा अडतं ते धारेपाशी नाही, बैठकीपाशी, म्हणजे गोळी बसवायच्या जागेपाशी. म्हणून गोळी अर्धी करायच्या छोट्या यंत्राबद्दल बोलताना मी पात्यावर फार वेळ घालवणार नाही.

गोळी किती नेमकी बसायला हवी? ८ मिलिमीटर व्यासाची गोल गोळी घ्या. पातं मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं, की एक तुकडा निम्म्याच्या ११६ टक्के भरतो, दुसरा ८४. युरोपियन फार्माकोपिया म्हणजे औषधांच्या दर्जाचा युरोपातला अधिकृत ग्रंथ. त्याच्या कसोटीत ३० गोळ्या तोडतात आणि प्रत्येकीचा एक तुकडा तोलतात. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांबाहेर फार तर एक तुकडा चालतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला आपण काठावर नापास. गोळी ६ मिलिमीटरची असेल तर तेवढ्याच चुकीला फरक २१ टक्क्यांवर जातो.

यावर उपाय वर्कशॉपमध्ये आहे. गोल सळई धरायला व्ही-ब्लॉक, म्हणजे इंग्रजी V सारखी खाच असलेला ठोकळा वापरतात, तशी खाच करायची. गोळी दोन्ही भिंतींना टेकली, की तिचा मध्य खाचेच्या मधल्या रेषेवरच येतो, गोळी लहान असो वा मोठी. पातं त्याच रेषेवर. खाच ६० अंशांची केली तर मध्य कोपऱ्यापासून बरोबर व्यासाइतक्या अंतरावर असतो, त्यामुळे पात्याची लांबी ठरवणं सोपं. कोपऱ्यात मात्र थोडी फट सोडा, नाहीतर तिथे भुकटी साचते आणि छोटी गोळी भिंतींऐवजी भुकटीला टेकते.

खरी गंमत बिजागरीत आहे. पातं झाकणाला लावलेलं असतं, म्हणजे ते वर्तुळाकार फिरत खाली येतं आणि गोळीला आधी बिजागरीकडच्या बाजूने शिवतं. तिरकं पातं आणि सपाट तळ यांच्या चिमटीतून गोळी बिजागरीपासून लांब निसटू बघते. मग खाचेचा कोपरा त्याच लांबच्या बाजूला ठेवा की! पातं जितकं ढकलेल तितकी गोळी भिंतींना घट्ट बसेल. हे उलटं केलं, की गोळी उडून कपाटाखाली.

लांबट गोळीला ही खाच पुरत नाही. रुंदीचा मध्य मिळतो, पण आपल्याला लांबीचा हवा. तिथे समोरासमोर दोन जबडे आणि मध्ये एक छोटं दातेरी चाक. चाकाच्या दोन बाजूंना दोन दातेरी पट्ट्या, त्यामुळे एक जबडा जितका आत येतो तितकाच दुसरा. मध्य आपोआप पात्याखाली.

गोल गोळीवरची मधली चीर पात्याशी जुळवणं मात्र कुठलीच खाच करत नाही. तिथे डोळाच लागतो. झाकण पारदर्शक ठेवा आणि तळावर ठसठशीत रेघ मारा.

आता आपली हवा. खारा वारा साध्या पोलादाला चार दिवस टिकू देत नाही, म्हणून पातं स्टेनलेसचंच हवं, आणि बदलता येणारं. पावसाळ्यात कापलेला तुकडा ओल धरतो. पुढच्या आठवड्याच्या गोळ्या एकदम कापून ठेवू नका, लागेल तशी एकेक कापा.

काय कापायचं नाही, हे यंत्राला कळत नाही. पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कापू नका. हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्याही सहसा नाहीत. रक्तदाबावरच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या अशा काही गोळ्यांना चीर दिलेली असते आणि त्या अर्ध्या करता येतात, पण डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना विचारूनच.

आणि खाच सुटी निघाली पाहिजे, नळाखाली धुता आली पाहिजे. आजोबांची रक्त पातळ करायची गोळी आणि आजींची थायरॉइडची, दोन्ही त्याच खाचेत बसणार आहेत.